आधी जंगल, मग समुद्र : टांझानिया-झांझिबारबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात सफारीबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून आफ्रिकेचेच प्रश्न येतायत. बहुतेकांना एकाच ट्रिपमध्ये प्राणी पण बघायचेत आणि शेवटचे तीन-चार दिवस बीचवर निवांत पडून पण राहायचंय. यासाठी टांझानियासारखा देश नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सेरेंगेटीचं जंगल आणि झांझिबारचं बेट एकाच देशात येतात, एकाच व्हिसावर होतात. म्हणून या वेळी सगळे प्रश्न तिथलेच घेतलेत.

प्रश्न : ताई, येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. दोघंच जाणार, ११ दिवस हातात आहेत. एजंटने प्लॅन दिलाय त्यात नैरोबी, मसाई मारा, अंबोसेली, मग बॉर्डर क्रॉस करून गोरोंगोरो, सेरेंगेटी आणि शेवटी झांझिबारला २ रात्री. तो म्हणतो एका खर्चात दोन देश होतात. घेऊ का? (पुणे)

उत्तर : नका घेऊ. यातले निम्मे दिवस तुमचे गाडीत बसून रस्ता बघण्यात जातील. नकाशावर मसाई मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि ते आहेतही चिकटलेलेच, जनावरं तर सरळ इकडून तिकडे जातात, पण टुरिस्टला तिथून बॉर्डर ओलांडता येत नाही. रस्त्याने जायचं तर लांब वळसा घालून इसेबानियाच्या चेकपोस्टवरून जावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. वर दुसऱ्या देशाची परवानगी वेगळी, गाडी वेगळी, ड्रायव्हर वेगळा. केनिया छानच आहे हो, मारा तर अप्रतिम, पण ती ट्रिप वेगळी करा.

आणि तुमचा महिना फेब्रुवारी आहे, याचा पूर्ण फायदा घ्या ना. तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट (कळपाने चरणारं हरणाच्या जातीचं मोठं जनावर) वर्षभर सेरेंगेटी-माराच्या पट्ट्यात गोल फिरत असतात आणि साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत ते दक्षिणेला, न्डुटूच्या मोकळ्या माळावर असतात, तिथेच त्यांची वीण होते. ही जमीन जवळच्या ज्वालामुखींच्या राखेची, त्यामुळे गवत आखूड पण खनिजांनी भरलेलं, दूध देणाऱ्या माद्यांना तेच लागतं, शिवाय आखूड गवतात सिंह, तरस लांबूनच दिसतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे लाखो पिल्लं जन्मतात. पिल्लू बाहेर पडतं, ओलंच असतं, पाय चारी दिशांना जातात, उठतं, तोंडावर पडतं, परत उठतं, आणि काही मिनिटांत आईच्या पोटाला चिकटून चालायलाच लागतं. आई थांबतच नाही फार वेळ, कारण चित्ता कुठेतरी वारुळावर बसून हेच बघत असतो. हे एकदा नीट, शांतपणे, गाडीचं इंजिन बंद करून बघायला मिळालं ना की चार पार्कांची नावं लिस्टवर टिक करण्यात काही अर्थ वाटत नाही.

मग रात्री अशा लावा. पहिली रात्र अरुशा शहरात, प्रवासाचा शीण जातो. दुसरी करातूला, हे गोरोंगोरोच्या अलीकडचं गाव. सकाळी सहाला गेट उघडतं तेव्हा गेटवरच असायचं आणि क्रेटरमध्ये, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट कुंडात, उतरायचं, दुपारी वर येऊन तसंच न्डुटूला. तिथे दोन रात्री. मग सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेराला दोन रात्री, तिथे बिबटे बघायचे, नदीकाठच्या झाडांवर आडव्या फांदीवरून खाली लोंबणारी शेपटी शोधायची, गाईड पण तेच शोधत असतात. सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार. तिथे एक रात्र स्टोन टाउन, म्हणजे तिथलं जुनं शहर, तीन रात्री बीच. झाल्या दहा रात्री. तारांगिरे मी मुद्दाम सोडलंय, ते हत्तींसाठी आणि त्या अवाढव्य गोरखचिंचांसाठी फार सुंदर आहे पण हत्तींचे मोठे कळप नदीवर येतात ते कोरड्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत ते पांगलेले असतात.

दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे तिकीट मल्टी-सिटी काढा, जाताना अरुशाजवळचं किलिमांजारो एअरपोर्ट आणि येताना झांझिबारवरूनच परत. मुंबईहून अदिस अबाबामार्गे असं सरळ मिळतं. जाऊन-येऊन एकाच एअरपोर्टचं काढलं तर परत फिरण्यात एक दिवस आणि एक विमानभाडं फुकट जातं. दुसरं, छोट्या विमानात माणशी साधारण १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत, हॅंडबॅग-कॅमेरा धरून. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात जातच नाही.

आणि हो, क्रम हाच ठेवा, आधी सफारी, मग समुद्र. सफारीत पहाटे पाचला उठणं, धूळ, खड्डे, दिवसभर उभं राहून बघणं, हे सगळं ताज्या अंगाने केलं तर मजा. बीचवरून सुस्तावून जंगलात गेलेली माणसं तिसऱ्या दिवशी लॉजवरच थांबतो म्हणतात, हे मी बघितलंय.

प्रश्न : गणपतीनंतर सप्टेंबरमध्ये जायचंय. मारा नदीचं क्रॉसिंग बघायचंच आहे, त्यासाठीच चाललोय. एका कंपनीने गॅरंटी दिलीये. सफारीला ४ दिवस, नंतर ३ दिवस बीच. जमेल? (ठाणे)

उत्तर : महिना बरोबर आहे, जागाही सांगते, पण गॅरंटी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ती कोणीच देऊ शकत नाही. जुलै ते ऑक्टोबर कळप उत्तर सेरेंगेटीत, कोगाटेंडेच्या आसपास, मारा नदीच्या या काठावरून त्या काठावर जात-येत असतात. कधी जातील हे त्यांनाच माहीत नसतं. काठावर हजारो जनावरं जमतात, पुढची पाण्याला तोंड लावतात, मागची ढकलतात, एखादी मगर हलली किंवा नुसती फांदी पडली तरी सगळा कळप वळून परत माळावर चरायला जातो. तुम्ही तीन तास बसलेले असता. आणि कधी तुम्ही पोचता आणि दहा मिनिटांत सुरू.

म्हणून चारही दिवस एकाच ठिकाणी द्या. अरुशाहून विमानाने थेट कोगाटेंडे, तीन रात्री तिथेच, नदीपासून जवळचा कॅम्प, आणि तिथूनच विमानाने झांझिबार. गोरोंगोरो या ट्रिपमध्ये घुसवू नका. अरुशाहून कोगाटेंडे रस्त्याने गाठायला गेलात तर जाण्या-येण्यातच तुमचे चारातले दोन दिवस संपतात.

एक मनापासून सांगायचंय. २०२५ च्या जुलैमधले तिथले व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, गाड्यांची रांग, माणसं खाली उतरून काठावर उभी, आणि वाइल्डबीस्टला पाण्यात उतरायला वाटच नाही. जनावरांनी ज्या जागेवरून पाण्यात उतरायचं तीच आपण अडवली तर ती दुसऱ्या उंच कड्यावरून उड्या मारतात, पाय मोडतात, पिल्लं मागे राहतात. गाईडवर प्रेशर आपणच आणतो, ‘अजून पुढे घे, टिप देतो’ असं म्हणून. तसं म्हणू नका प्लीज. उलट पहिल्याच दिवशी गाईडला सांगा की आम्हाला लांबून दिसलं तरी चालेल, कळप उतरायला सुरुवात करेपर्यंत गाडी मागेच ठेव. चांगले गाईड असंच करतात आणि ते ऐकून त्यांचा चेहरा खुलतो, त्या दिवसापासून ते तुम्हाला जास्त दाखवतात.

सप्टेंबरमध्ये झांझिबार कोरडं आणि बऱ्यापैकी थंड असतं, दक्षिणेचा वारा असतो, तो पूर्व किनाऱ्यावर जास्त जाणवतो.

प्रश्न : आम्ही दोघंही शिक्षक, मुलं आठवीत आणि पाचवीत, त्यामुळे सुट्टी फक्त मे. मेमध्ये सगळे नको म्हणतात. खरंच नको का? (नाशिक)

उत्तर : हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराचा आहे. टांझानियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो, त्यातही एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा सगळ्यात जास्त. सेरेंगेटीत पावसातही सिंह असतातच, ते कुठे जात नाहीत, दर पण उतरलेले असतात, गाड्यांची गर्दी नसते, पण काळ्या मातीत गाडी रुतते आणि झांझिबारला मात्र धो धो पाऊस, कित्येक बीच हॉटेलं त्या काळात दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. तुम्हाला समुद्र पण हवाय, त्यामुळे मेच्या सुरुवातीला टांझानिया नको असंच सांगेन.

सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ताणता येत असेल तर मेच्या अगदी शेवटी निघा. पाऊस ओसरत असतो, सगळं हिरवंगार, कळप सेरेंगेटीच्या पश्चिमेकडे ग्रुमेटी नदीच्या दिशेने निघालेले असतात आणि जूनचा हाय सीझनचा दर अजून लागलेला नसतो बऱ्याच ठिकाणी. झांझिबारला दुपारची एखादी सर येईल, तेवढी चालवून घ्या.

ते जमत नसेल तर मेसाठी माझं उत्तर दुसरंच आहे : साउथ आफ्रिकेचं क्रूगर आणि त्याला जोडून मॉरिशस. क्रूगरला मे म्हणजे कोरडा सीझन सुरू होतो, गवत बसतं, जनावरं पाणवठ्यावर यायला लागतात, आणि तिथे डांबरी रस्त्यावर आपली आपण गाडी चालवत फिरता येतं. मुलांना हे जाम आवडतं, कारण प्राणी शोधायचं काम त्यांच्याकडे येतं. जोहान्सबर्गहून मॉरिशसला थेट विमान आहे आणि मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. साउथ आफ्रिकेचा व्हिसा मात्र वेळ घेऊ शकतो, मार्चमध्येच कागद लावा आणि मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवा.

प्रश्न : आईला घेऊन जायचंय, वय ६८, बीपीची गोळी चालू, शुद्ध शाकाहारी आणि कांदा-लसूण पण नाही. तिला झेपेल का? यलो फीवरची लस द्यायचीच का? (कोल्हापूर)

उत्तर : झेपेल, पण प्लॅन तिच्या तब्येतीचा करा. टांझानियातली सफारी आपल्या ताडोबासारखी सकाळ-संध्याकाळ अशी नसते, सोबत जेवणाचा डबा घेऊन दिवसभर गाडीतच असतात बरेच जण. तुम्ही स्वतःची वेगळी जीप घ्या, ग्रुपमध्ये नको, म्हणजे आईंना दुपारी लॉजवर सोडता येईल. गाडीत त्यांना ड्रायव्हरच्या मागची सीट द्या, शेवटची नको, तिथे आदळआपट सगळ्यात जास्त. गोरोंगोरोच्या गेटपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यापुढे सेरेंगेटीपर्यंत खडखडाट, कंबरेचा त्रास असेल तर तो टप्पा विमानाने करा. बाथरूम हा खरा प्रश्न असतो आणि तो विचारायला बायका लाजतात. पिकनिकच्या जागी आणि गेटवर टॉयलेट असतात, मधल्या वेळात गाईडला सांगितलं की तो सुरक्षित जागा बघून गाडी आडोशाला लावतो, तिथे याला ‘बुश टॉयलेट’ म्हणतात, आणि यात कोणालाच काही वाटत नाही. त्या भीतीने आईंना पाणी कमी पिऊ देऊ नका.

गोरोंगोरोची कड २,२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच, जून-जुलैच्या रात्री तिथे दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, पायमोजे हवेतच.

जेवणाचं म्हणाल तर काळजी करू नका. अरुशा, दार-ए-सलाम इथे पिढ्यान्‌पिढ्या गुजराती लोक राहतायत, लॉजच्या स्वयंपाक्यांना शाकाहार आणि जैन जेवण दोन्ही माहीत असतं, फक्त बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि पोचल्यावर परत एकदा शेफशी बोला. चपाती, भात, नारळाच्या रसातला राजमा, पालेभाजी हे तिथलंच रोजचं जेवण आहे. गडबड होते ती डब्यात. सकाळी हातात येणाऱ्या बॉक्समध्ये चिकनचा तुकडा, उकडलेलं अंडं, केक असतो. आदल्या रात्रीच सांगायचं. थेपले, भाकरवडी, मेतकूट घरचं घेऊन जाच.

आता लस. केनियात किंवा इथिओपियात (अदिस अबाबा तिथलंच) जाणार असाल किंवा तिथे बराच वेळ थांबून टांझानियात जाणार असाल तर यलो फीवरचं पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, लागतंच, आणि परत येताना आपल्या एअरपोर्टवरही विचारतात, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढे पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना त्रासाची शक्यता जास्त असते, म्हणून आईंच्या बाबतीत परस्पर ठरवू नका, आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि या देशांत बराच वेळ न थांबणारा रूट बघा, म्हणजे प्रश्न सोपा होतो. निघण्याआधी एअरलाइनला फोन करून त्यांचा नियम विचारून घ्या, काउंटरवर शेवटी त्यांचा माणूस अडवतो. मलेरियाची गोळी मात्र सगळ्यांनीच डॉक्टरांना विचारून घ्या, सेरेंगेटीसाठी आणि झांझिबारसाठी पण.

प्रश्न : सफारीला खाकीच कपडे लागतात का? मुलीने नेव्ही ब्लू ट्रॅकपँट घेतल्यात. (सोलापूर)

उत्तर : त्या ट्रॅकपँट हॉटेलवर घालू दे. खाकीच पाहिजे असं काही नाही पण गडद निळा आणि काळा नको, कारण त्सेत्से माशीला हे दोन रंग ओढतात, तिथे झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले दिसतील ते तिला पकडण्याचेच सापळे असतात. ही माशी जाड कापडातूनही चावते. फिकट, मातकट, सैल आणि पूर्ण बाह्यांचं काहीही चालेल.

प्रश्न : झांझिबारला नुंग्वी घ्यावं का पाजे? फोटोत दोन्ही सारखेच निळे दिसतात. मैत्रीण पाजेला जाऊन आली, म्हणाली समुद्रच नव्हता! (मुंबई)

उत्तर : मैत्रीण खरं बोलतेय. झांझिबारला हॉटेल निवडण्याआधी भरती-ओहोटी समजून घ्यायला हवी, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. पूर्व किनाऱ्यावर, पाजे, जांबियानी, ब्वेजू इथे तळ उथळ आहे आणि बाहेर प्रवाळाची भिंत, त्यामुळे ओहोटीला पाणी कितीतरी लांब मागे जातं, कमरेइतकं पाणी हवं असेल तर बरंच अंतर चालत जावं लागतं. पोहायला गेलेला माणूस वैतागणारच. उत्तरेला नुंग्वी आणि केंडवा इथे हा फरक कमी, दिवसभर पोहता येतं आणि सूर्यास्त पण समुद्रात दिसतो. तीनच रात्री असतील, पोहायचं असेल, तर केंडवा किंवा नुंग्वी घ्या. तिथे हॉटेलांची दाटी आहे, रात्री गाणी वाजतात, ते धरून चाला.

पण मला स्वतःला जांबियानी जास्त आवडतं, आणि ते ओहोटीसाठीच. पाणी मागे गेलं की ओल्या वाळूत काठ्यांच्या रांगा उघड्या पडतात, काठ्यांमध्ये दोऱ्या ताणलेल्या आणि त्या दोऱ्यांना समुद्री शेवाळाचे झुपके बांधलेले. गावातल्या बायका गुडघाभर पाण्यात बसून ते झुपके सोडवतात, नवे बांधतात, गोण्या भरतात, गप्पा चाललेल्याच असतात. हे शेवाळ वाळवून बाहेर देशात जातं, त्यापासून जेली घट्ट करायचा पदार्थ काढतात, काही साबण-क्रीम तिथेच बनतं. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्या दोऱ्यांवरून चालत जाऊ नका, ती त्यांची शेती आहे. पायात रबरी बूट हवेतच, खडकात काळे काटेरी समुद्री अर्चिन असतात, पायात काटा मोडला की सुट्टी तिथेच संपली.

बुकिंगच्या आधी तुमच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक नेटवर बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या, अष्टमीच्या आसपास फरक कमी, कोकणातल्या माणसाला हे सांगायलाच नको.

स्नॉर्केलिंगला म्नेम्बा बेटाजवळ जा, सकाळी लवकर. किझिमकाझीची डॉल्फिन टूर मात्र घेऊ नका असं मी सांगेन, दहा-दहा बोटी एका कळपामागे धावतात आणि माणसं त्यांच्या अंगावर उड्या टाकतात, बघवत नाही. त्याऐवजी जोझानीच्या जंगलात जा, तिथली लाल कोलोबस माकडं फक्त झांझिबारमध्येच सापडतात.

प्रश्न : आम्ही गोव्याचे. बीच आम्हाला रोजचाच. झांझिबारला तीन दिवस घालवण्यात काय अर्थ? (मडगाव)

उत्तर : मग बीच एकच रात्र ठेवा आणि दोन रात्री स्टोन टाउनमध्ये काढा. हे जुनं शहर २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि आपल्या किनाऱ्याशी त्याचं फार जुनं नातं आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, तिथे त्याला कास्काझी म्हणतात, त्या वाऱ्यावर अरबस्तानातून, कच्छ-गुजरातमधून गलबतं इथे यायची आणि वारा फिरला की कुसीवर, म्हणजे दक्षिणेच्या वाऱ्यावर, परत जायची. गल्ल्यांमधले कोरीव लाकडी दरवाजे बघा, पितळी खिळेवाले, त्यातले कितीतरी गुजराती धाटणीचे. तुमच्या गोव्याचीही बरीच माणसं इथे येऊन राहिली, सरकारी कारकून, शिंपी, बॅंडवाले, फोटोग्राफर, आणि सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये त्यांची प्रार्थना चालायची. ‘क्वीन’ बॅंडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथलाच, १९४६ मध्ये जन्मलेला फारूख बलसारा, पारशी घरातला, शाळेला मात्र आपल्या पाचगणीत.

आणि एक जागा चुकवू नका. जिथे गुलामांचा बाजार भरायचा, तो १८७३ मध्ये बंद झाला आणि त्याच जागेवर अँग्लिकन चर्च उभं राहिलं. बाहेर अंगणात खड्ड्यात उभ्या केलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत, गळ्यात साखळी, ती साखळी खरी, त्या काळातली. शेजारच्या तळघरात माणसं कशी कोंडायचे ते दाखवतात, छत इतकं खाली आहे की सरळ उभं राहता येत नाही. मुलं मोठी असतील तर त्यांना घेऊन जा आणि गाईड घ्याच, नुसतं बघून कळत नाही.

संध्याकाळी फोरोधानी बागेत खायला जा. माशांपेक्षा उरोजो घ्या, आंबटसर पिवळी आमटी, त्यात बटाटा, भजी, कुरकुरीत चिवडा, वर चटणी. चवीला ओळखीचं वाटेल. सध्याच्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, तेव्हा दिवसा शहरातली बरीचशी हॉटेलं बंद असतात, संध्याकाळी मात्र सगळं शहर रस्त्यावर येतं. गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असू देत, एरवीसुद्धा.

प्रश्न : दोघांचा खर्च किती धरायचा? कोटेशन दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंत आलीयेत, फरकच कळत नाही. (नागपूर)

उत्तर : फरक कशाचा ते सांगते. सफारीत मोठा खर्च हॉटेलचा नसतो, पार्कच्या फीचा असतो, आणि ती सगळ्या कंपन्यांना सारखीच. सेरेंगेटीला परदेशी माणसामागे २४ तासांना साधारण ७० डॉलर आणि वर १८ टक्के व्हॅट, पार्कच्या आत राहिलात तर मुक्कामाची फी वेगळी. गोरोंगोरो क्रेटरमध्ये उतरायला गाडीमागे वेगळे २५० डॉलर आणि त्यावरही व्हॅट. म्हणून एखादं कोटेशन फारच स्वस्त असेल तर बहुतेक वेळा त्यात क्रेटर नसतो, किंवा लॉज पार्कच्या गेटपासून दोन तास लांब असतं, किंवा गाडीत सात-आठ जण असतात. दोघांसाठी वेगळी जीप, मधल्या दर्जाची लॉज, जेवण, फी सगळं धरून माणशी दिवसाला ३०० ते ४५० डॉलर धरा. सेरेंगेटीहून झांझिबारचं छोटं विमान माणशी ४०० डॉलरच्या आसपास. चौघं मिळून एक जीप केलीत तर माणशी आकडा चांगलाच उतरतो, म्हणून एखादं समविचारी जोडपं शोधा, पण खरंच समविचारी, पक्षी बघायला थांबणारे आणि ‘सिंह कुठे आहे’ म्हणणारे एका गाडीत सुखी राहत नाहीत.

पॅकेजच्या बाहेर काय येतं ते पण लिहून ठेवा. टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलर, सरकारी साइटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्त पैसे घेतात. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी लोकांना तिथल्या सरकारी कंपनीचा विमा घ्यावाच लागतो, ४४ डॉलर, तुमचा भारतातला ट्रॅव्हल इन्शुरन्स असला तरी. गाईडची टिप गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर, शेवटच्या दिवशी एकदम द्यायची. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या न्या, जुन्या सालच्या किंवा फाटक्या घेत नाहीत. इथे पॅकेज बुक केलं तर वर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापतात, तो रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता होतो, सर्टिफिकेट मागून घ्या. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग सामानात नेऊ नका, २०१९ पासून देशात बंदी आहे.

कोटेशन हातात आलं की कंपनीला एवढंच विचारा : प्रत्येक रात्रीच्या लॉजचं नाव काय, ते पार्कच्या आत का बाहेर, गाडीत किती जण, क्रेटरची फी धरली का, रोजच्या किलोमीटरवर मर्यादा आहे का, आणि खिडकीची सीट सगळ्यांना मिळणार का. ही उत्तरं लेखी आली की मग तुमची दोन लाखांची आणि सहा लाखांची कोटेशनं शेजारी ठेवून बघा, आणि तरी अडलं तर दोन्ही मला पाठवा, पुढच्या अंकात घेते.